आवरून घेते

(गुरुजींच्या स्मृतिदिनी शाळेच्या पटांगणावर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक विनंती. या खुर्च्या मी दुपारी येऊन बघून गेले. प्लॅस्टिकच्या, पाठीपाशी नको तिथं खड्डा असलेल्या. यांच्यावर बसणं धडधाकट माणसालाही जड जातं, आणि आजचा विषय ऐकून इथं धडधाकट कंबरेची माणसं फारशी आली असतील असं मला वाटत नाही. तेव्हा ज्यांना बसवत नाही त्यांनी खुशाल उभं राहावं, मागं जाऊन फेऱ्या माराव्यात. मी रागावणार नाही. शिवाय टेबलावर हे गजराचं घड्याळ ठेवलंय, माझ्या आईचं. ते वीस मिनिटांनी वाजेल. वाजलं की मी बोलणं तिथंच सोडणार आणि आपण सगळे मिनिटभर उभे राहणार. दुखत असो वा नसो. का, ते पुढं येईल.

गुरुजी आम्हाला सातवीत गणित शिकवायचे. एका तासात दोनदा तरी ते फळा सोडून खिडकीशी जायचे, कठड्यावर हात टेकून थोडा वेळ बाहेर बघायचे आणि परत यायचे. मैदानावर कोण उनाडतंय ते बघतात, अशी आमची समजूत. कधी कधी गणित फळ्यावर अर्धंच राहिलेलं असायचं, तरी ते जायचे. फार वर्षांनी त्यांच्या मुलीकडून कळलं की गुरुजींची कंबर तीस वर्षं दुखत होती. तोवर मी स्वतः डॉक्टर होऊन, दुखण्याचे रुग्ण बघून केस पांढरे केले होते. मग ती खिडकी आठवली. गुरुजी कळ आली म्हणून खिडकीशी जात नव्हते. एक उदाहरण झालं, दुसरं अर्ध्यावर आलं, की जायचे. कळ यायच्या आधी. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, देव जाणे.

मी भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवण्यात माझं आयुष्य गेलं. ऑपरेशनच्या टेबलावरचं दुखणं फार आज्ञाधारक असतं. औषध दिलं की जातं. त्यामुळं सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, दुखणं आपल्याला कळलंय. पुढं ओपीडीत बसायला लागले आणि न जाणारं दुखणं समोर येऊन बसलं. जाता जाता सांगते, कारण या भागात तालमीची माणसं बरीच आहेत: दुखण्याचं वेगळं शास्त्र उभं करणारे जॉन बोनिका हे अमेरिकेतले भूलतज्ज्ञ तरुणपणी पोटासाठी मुखवटा घालून कुस्त्या करायचे. त्या कुस्त्यांची दुखणी त्यांना जन्मभर पुरली. 1953 साली त्यांनी वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि 1973 साली त्यांच्याच पुढाकारानं या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. आखाड्यातली लचक अशी कामी आली.

आता मूळ गोष्ट. तीन महिन्यांच्या पुढं टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं ते जुनाट, अशी आम्ही डॉक्टर मंडळींनी व्याख्या ठरवलीय. तीन महिनेच का? कारण बहुतेक जखमा तोवर भरून आलेल्या असतात. जखम भरली, तरी दुखतंय. मग दुखतंय काय?

वाड्यात एकदा चोरी झाली की कुत्रं पुढं कित्येक महिने पोस्टमनवर भुंकतं, वाळक्या पानावर भुंकतं. चोर नसतो, पण भुंकणं खोटं नसतं. मज्जासंस्थेचं असंच होतं. सतत दुखण्याची वर्दी देऊन देऊन मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होतात की साध्या स्पर्शाची, साध्या वाकण्याचीही वर्दी लागते. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं. खालून येणारी वर्दी तिथं कमी-जास्त होते, आणि ते फाटक वरून मेंदूही उघडतो, मिटतो. त्या मांडणीत पुढं पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण फाटकाची गोष्ट टिकली.

याचे दाखले दोन्ही बाजूंचे आहेत. 1944 साली इटलीत आंझिओच्या लढाईत हेन्री बीचर हे डॉक्टर जखमी सैनिकांना विचारत होते, मॉर्फिन हवं का? गंभीर जखमा झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण नको म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ती जखम म्हणजे घरी जायचं तिकीट होतं. उलट 1995 साली इंग्लंडमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका बांधकाम मजुराची हकिगत आली. उडी मारताना पंधरा सेंटिमीटरचा खिळा बुटातून आरपार गेला. माणूस इतका कळवळत होता की जबर औषधं द्यावी लागली. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या फटीतून गेलेला, कातडीला ओरखडा नाही. त्याचं दुखणं ढोंग होतं का? मुळीच नाही.

आणि आता ते एमआरआयचं पाकीट. आपल्याकडं पेशंट आत येतो तो काखेत ते मोठं पाकीट घेऊनच. "मणक्यात गॅप आहे", "गादी सरकलीय", "झीज झालीय". 1994 साली ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा 98 जणांचे एमआरआय काढले गेले. निम्म्याहून जास्त लोकांची एक तरी गादी फुगलेली निघाली. म्हणजे तो "गॅप" इथल्या पहिल्या रांगेतही असेल, अध्यक्षांसकट, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. मणक्याची झीज ही पिकलेल्या केसांसारखी आहे. पण एकदा "झीज" हा शब्द कानावर पडला की बाई वाकायला घाबरते. वाकत नाही म्हणून पाठ आखडते, आखडली म्हणून दुखते. शब्दांनी केलेलं नुकसान मी फार पाहिलंय. त्यातलं थोडं मी स्वतः केलंय.

तरुणपणी एका दवाखान्यात असताना एक बाई वर्षभर येत होत्या. शेतमजूर. सगळ्या तपासण्या झाल्या आणि मी त्यांना म्हटलं, "ताई, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही." मला वाटलं, आनंदाची बातमी दिली. त्या उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मग बाई, दुखतंय कुनाचं?" परत आल्या नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पंधरा वर्षं लागली.

डॉक्टरला दुखणं सांगायचं कसं, हाही एक प्रश्न असतो. मेलझॅक यांनी 1975 साली दुखण्याची प्रश्नावली केली, तीत 78 शब्द वीस गटांत लावले. मला नेहमी वाटतं, हा माणूस आमच्या ओपीडीत बसला असता तर त्याचं काम एका आठवड्यात झालं असतं. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, उसण, रग, ओढ, चुरचुर, भणभण, कसकस, वांब, मुंग्या, शिवशिव. आणि हे शब्द नुसते सुंदर नाहीत, कामाचे आहेत. "ठसठसतंय" म्हटलं की मी सूज बघते. "आग होते, मुंग्या येतात, करंट बसतो" म्हटलं की नसेचा विचार करते, आणि नसेच्या दुखण्याचं औषध वेगळं असतं. "रग लागते" हे दमलेल्या स्नायूचं. म्हणून घरच्यांना सांगते, म्हातारीला "किती दुखतंय" विचारू नका, "कसं दुखतंय" विचारा, आणि तिचा शब्द तिच्याच बोलीत चिठ्ठीवर लिहून आणा. मुंबईला शिकणारा नातू सोबत येतो आणि आजीच्या "सणक भरते" याचं "पेन आहे" करून टाकतो. अर्धं निदान तिथंच सांडतं.

पण आज मला खरं बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. ते वाक्य मी हजार वेळा ऐकलंय, माझ्या आईच्या तोंडून सगळ्यांत जास्त. "आज जरा बरं वाटतंय, तर आवरून घेते."

आवरणं हा आपल्या बायकांच्या आयुष्यातला केवढा मोठा शब्द. स्वयंपाकघर आवरायचं, माळा आवरायचा, दिवाळीचं आवरायचं, आणि वर रडूही आवरायचं. तीन दिवस कंबर धरून अंथरुणात काढलेली बाई चौथ्या दिवशी उठते, बरं वाटतं, आणि तुंबलेलं सगळं एका दिवसात आवरते. डबे घासते, चादरी भिजवते, पीठ चाळते, जमलं तर शेजारच्या वन्संनाही मदत करून येते. पाचव्या दिवशी परत अंथरूण. मग घरचे म्हणतात, काल तर भिंगरीसारखी फिरत होतीस! आणि तीही म्हणते, काम केलं म्हणून दुखलं, आता काम नको. पुढच्या वेळी ती आणखी दोन दिवस जास्त पडून राहते. वर्षभरानं बघा, बरे दिवस कमी झालेले, अंगातली ताकद गेलेली, आणि कुत्रं आता वाळक्या पानावरच नाही, सावलीवरही भुंकतंय. पुरुषांचंही तसंच, फक्त माळ्याच्या जागी मोटारसायकल धुणं किंवा एका दिवसात ऊस बघून येणं.

यावर औषध आहे ते गुरुजींच्या खिडकीत. दुखणं सांगेल तेव्हा थांबायचं नाही, घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं. आणि तसंच, दुखतंय म्हणून ठरलेलं टाळायचंही नाही. अमेरिकेत सिॲटलला विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञानं साठ-सत्तरच्या दशकांत हा विचार उपचारात आणला.

करायचं कसं? समजा पोळ्या लाटायच्यात. उभ्यानं किती वेळानंतर कळ सुरू होते ते चार-पाच दिवस नुसतं बघायचं, बरे आणि वाईट दोन्ही दिवस. कधी वीस मिनिटं, कधी दहा, कधी पंधरा. सरासरी आली पंधरा. तर सुरुवात बारा मिनिटांनी करायची. बारा मिनिटं झाली की गॅस बंद. लाटी हातात असली तरी खाली ठेवायची. पाच मिनिटं बसायचं, मग परत बारा. बरं वाटत असलं तरी बाराच, आणि खरी परीक्षा तिथंच असते. वाईट दिवशी थांबणं कुणालाही जमतं, बऱ्या दिवशी थांबायला धैर्य लागतं. आठवडा नीट गेला की एक-दोन मिनिटं वाढवायची. माझ्या एका पेशंटबाईंना दहा मिनिटांवरून चाळिसावर यायला सात महिने लागले. त्यांच्या सूनबाईंनी मला फोन करून तक्रार केली, "डॉक्टर, आमच्या आई पोळी अर्धी तव्यावर टाकून उठतात!" मी म्हटलं, अभिनंदन, फक्त तव्यावरची तुम्ही उलटा...

(इथं गजर झाला. श्रोते उभे राहिले. व्याख्यात्या टेबलामागून पुढं येऊन उभ्या राहिल्या. मिनिटभरानं सर्वजण बसले.)

बघितलंत? मागच्या दोन रांगा उठल्याच नाहीत. "आम्हाला कुठं काय दुखतंय." तेच तर.

घरातल्या इतरांकडं येऊ. दुखणाऱ्या माणसाच्या भोवती दोन जातीची माणसं असतात. एक म्हणतात, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." दुसरे म्हणतात, "तू बस, तू काही करू नकोस, मी करतो." पहिल्यांचा त्रास उघड आहे. दुसऱ्यांचा प्रेमानं झाकलेला असतो, म्हणून जास्त लक्ष द्यायला हवं. 1980 साली एक गमतीदार प्रयोग झाला. दवाखान्यातल्या पेशंटना दुखण्याबद्दल विचारलं, एकदा जोडीदार बघतोय असं सांगून आणि एकदा कारकून बघतोय असं सांगून. ज्यांचे जोडीदार फार काळजी करणारे होते, त्यांनी जोडीदारासमोर दुखणं जास्त सांगितलं. ज्यांचे तसे नव्हते, त्यांनी कमी. यात लबाडी कुणाचीच नाही. ज्याला उत्तर मिळतं ते मोठं होतं, एवढंच.

माझे वडील दुसऱ्या जातीचे. आईच्या हातातली विळी त्यांनी काढून घेतली, पाट काढून घेतला, शेवटी पूजेची फुलंसुद्धा ते आणू लागले. आई सत्तरीत रिकाम्या हातानं पलंगावर बसली आणि तिच्याजवळ दुखण्याशिवाय काही उरलं नाही. हे मला तेव्हा दिसलं नाही, मी डॉक्टर असून. मी तिला गोळ्या पाठवत होते.

आता मी घरच्यांना सांगते, काम काढून घेऊ नका, कामाची उंची बदला. विळी ओट्यावर येऊ दे, नाहीतर सुरी घ्या. ओट्याखाली पाट ठेवा आणि उभं राहताना एक पाय त्यावर, थोड्या वेळानं दुसरा. कंबरेला आराम पडतो. बादली अर्धी भरा, दोन खेपा करा. गुडघे दुखणाऱ्याला संडासात कमोडची खुर्ची आणि भिंतीला दांडा लावा, आणि यात "आपल्याला काय म्हातारपण आलंय का" हा मानापमान आणू नका. आणि दिवसातून दहा वेळा "कसं वाटतंय?" विचारणं बंद करा. संध्याकाळी एकदा विचारा, "आज काय काय झालं?" याला उत्तर देताना माणसाला मोगऱ्याला पाणी घातल्याचं आठवतं. पहिल्या प्रश्नाला फक्त कंबर आठवते.

गाद्यांबद्दल दोन शब्द, कारण प्रश्नोत्तरात ते येणारच. फळीवर झोपा, जमिनीवर झोपा, हे आपल्याकडं धर्मवाक्यासारखं सांगितलं जातं. 2003 साली स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना दोन प्रकारच्या गाद्या देऊन बघितलं. कडक गादीपेक्षा मध्यम गादीवाल्यांना बरं वाटलं. आणि पडून राहण्याबद्दल तर 1986 सालीच दिसलं होतं: कंबर नव्यानं धरलेल्यांत दोन दिवस विश्रांती घेतलेले आणि सात दिवस घेतलेले सारखेच बरे झाले, पहिले मात्र कामावर लवकर गेले. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, तो आयुष्यभर बांधायचा नसतो. शेकाला हरकत नाही, बामालाही नाही. पण मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसाला गरम पिशवी देऊ नका. भाजलेलं त्याला कळत नाही, आणि ती जखम मग महिनोन्महिने भरत नाही.

आता तो डबा. प्रत्येक घरात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असतो, त्यात अर्ध्या कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. नाव फाटलेलं, तारीख फाटलेली. "ही गुलाबी दुखण्याची." आपल्याकडची आवडती दुखण्याची गोळी म्हणजे डायक्लोफिनॅक. या गोळीनं आपली गिधाडं संपवली, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. गुरांना दिलेलं हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. 2004 साली कारण सापडलं, 2006 साली सरकारनं गुरांसाठी त्यावर बंदी आणली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण जठरात व्रण, रक्तदाबात वाढ आणि मूत्रपिंडांवर भार, हे त्या जातीच्या सगळ्याच गोळ्यांचं ठरलेलं आहे. साठीपुढं, मधुमेह असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. चार-पाच दिवस डॉक्टरांना विचारून घ्या, चार-पाच वर्षं मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. पॅरासिटामॉल त्या मानानं सौम्य, पण तेही मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या पुढं नाही, आणि सर्दीच्या गोळीत तेच असतं हे मोजायला विसरू नका. अर्धशिशीवाल्यांना आणखी एक: साधी गोळी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस घेतली जात असेल, तर डोकं त्या गोळीनंच दुखू लागतं. कॅलेंडरवर, त्या दुधाच्या खुणांशेजारी, गोळीचीही फुली मारा.

उलट बाजूची एक चूक. नसेच्या दुखण्यावर आम्ही कधी कधी नैराश्यावरचं औषध अगदी कमी मात्रेत देतो. तेच औषध नसांच्या वर्दीवरही काम करतं. पेशंटचा जावई मोबाइलवर नाव शोधतो आणि घरात बोभाटा होतो, "डॉक्टरांनी वेड्याची गोळी दिली." गोळी कचऱ्यात जाते. आता मी चिठ्ठी लिहायच्या आधीच सांगते, हे नाव शोधल्यावर काय दिसेल ते.

घरी सांभाळायचं म्हणते आहे, पण काही दुखणी घरी ठेवायची नसतात. कंबरेबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी होत चालली, तर त्याच दिवशी दवाखाना, सकाळपर्यंतही थांबू नका. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, रात्री कुठल्याच कुशीवर न थांबणारी वेदना, यांनाही घड्याळ लावायचं नसतं.

आणि कॅन्सरचं दुखणं ही तर वेगळीच गोष्ट. तिथं सहन करायला सांगणं हा अपराध आहे. मॉर्फिनची तोंडानं घ्यायची गोळी स्वस्त आहे, पण अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानं ती मिळवणं इतकं किचकट झालं की 2014 साली संसदेला त्यात दुरुस्ती करावी लागली. तरीही आपल्याकडच्या घरांत लोक कण्हत मरतात. या बाबतीत आपण केरळकडून शिकायला हवं. 1993 साली कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत काम सुरू केलं, आणि पुढं त्यातून गल्लीतले शिक्षक, दुकानदार, गृहिणी शिकून तयार झाले. ही माणसं आठवड्यातून ठरलेल्या वेळी शेजारच्या आजाऱ्याकडं जातात, आणि त्यांची पहिली गोष्ट जी मला आवडली ती म्हणजे ते घरात शिरल्यावर...

(गजर.)

वाजलं. उठा सगळे. मागच्या रांगा, तुम्हीसुद्धा.

माझ्याकडं अजून दोन पानं आहेत. ती उद्या ग्रंथालयात ठेवते, हवी त्यांनी वाचावीत. प्रश्न उभ्यानंच विचारा. आणि खुर्च्या उचलायला जी मुलं थांबलीत त्यांनी एका वेळी दोनच उचलायच्या.